तिची तक्रार, त्याच्या तोंडून

प्रयोगशाळेत शिरताना आधी मला ओंकारचा हात दिसला. स्क्रूड्रायव्हर त्याने इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी केलेला त्यांचा रोबो सकाळी परीक्षकांसमोर जागचा हललाच नव्हता. तेव्हापासून तो आणि त्याची जोडीदार सायली एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते.

“सर, मला टीम बदलून द्या,” सायली म्हणाली.

“देतो. पण ओंकार, आधी तिची तक्रार काय आहे ते तू सांग. तिला पटेल असं.”

त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. किती भार पडला की तुळई वाकते, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. माणसाचं असं गणित मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही कुणाला शिकवलं नाही.

“मी तिला न विचारता तिचा प्रोग्रॅम बदलला,” तो शेवटी म्हणाला.

“आणि?” सायलीने विचारलं.

“आणि परीक्षकांना सांगितलं, चूक तिची आहे म्हणून.”

आता ही उठून जाणार, असं मला वाटलं. सायलीने डोळे पुसले आणि स्टूल त्याच्याकडे वळवलं.

“आता तुझी तक्रार मी सांगते,” ती म्हणाली.