सकाळची दिवेलागण

आमच्या घरात सकाळी संध्याकाळ व्हायची. हे मी आजही कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्या वयाचा अंदाज घेतात. खुशाल घेवोत. ती संध्याकाळ मी घडवून आणली होती आणि तिच्या जोरावर आमचं बंगळूरचं बिऱ्हाड टिकलं, म्हणून मी ती मिरवणार.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. ह्यांना शहराबाहेरच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात लेथवर काम मिळालं आणि आम्ही निपाणी सोडून चामराजपेटेत आलो. हे, मी, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. जागा मिळाली ती एका वठारात. मधे अंगण, दोन्ही बाजूंना ओळीने दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक नळ, याला तिकडे वठार म्हणतात. निपाणीच्या एकत्र घरात माझ्या वाट्याला थोरल्या जावांच्या मागे उभं राहून पोळ्या शेकणं होतं. इथे चूल माझी होती. मिठाची बरणी कुठल्या फळीवर ठेवायची हे मी ठरवत होते, आणि पहिल्या महिन्यात ती बरणी मी निव्वळ हौसेने किती वेळा हलवली असेल ते सांगता येणार नाही. मला परत जायचं नव्हतं. काही झालं तरी परत जायचं नव्हतं.

घोडं अडलं ते ह्यांच्या झोपेपाशी. अधूनमधून आठवडाभर रात्रपाळी यायची. सकाळी कारखान्याची बस पेटेच्या कोपऱ्यावर सोडायची आणि हे चालत घरी यायचे. आम्ही दोघी वाटच बघत असायचो. रात्रभर राबून आलेला माणूस, त्याचं करावं तितकं थोडं, असं आम्हाला वाटायचं. आल्या आल्या कडकडीत पाण्याने आंघोळ, मग पूजा, मग ताजी कॉफी, गरम उप्पीट. मुलगी गळ्यात पडून शाळेतलं सगळं सांगायची. सासूबाई निपाणीहून आलेली खबरबात द्यायच्या. असा नवरदेवासारखा ताजातवाना केलेला माणूस आम्ही खाटेवर नेऊन घालायचो आणि म्हणायचो, आता झोपा.

झोप कुठली यायला? आढ्याकडे बघत पडून राहायचे. बाहेर भाजीवाली ओरडायची, नळावर घागरी आपटायच्या. उन्हं उतरली की तांबारलेल्या डोळ्यांनी उठायचे आणि डबा घेऊन परत कामाला. मशीनसमोर उभ्या उभ्या मान पडायला लागली. फोरमनने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि सांगून टाकलं, "परत डुलकी दिसली तर नोकरी कायम होणार नाही. तुमची बोटं जाण्यापेक्षा तुम्ही घरी गेलेलं बरं."

फोरमनचं हे बोलणं ह्यांनी घरी येऊन शांतपणे सांगितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई म्हणाल्या, "मग जाऊ की निपाणीला. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायला माणूस लागतोयच." मी मिठाच्या बरणीकडे बघितलं आणि ठरवलं की ह्या माणसाला मी झोपवणार.

उपाय काही बाकी ठेवले नाहीत. दुधात जायफळ उगाळून दिलं. खसखशीची खीर दिली. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासलं, वाटी काळी पडेपर्यंत. चिकपेटेत जाऊन जाड काळं कापड आणलं आणि खिडकीला पडदा शिवला. खोलीत काळोख झाला, पण हे म्हणाले, "आता डोळे उघडे आहेत की मिटलेले तेवढंच कळत नाही, बाकी सगळं तेच." शेजारच्या अक्का चांगल्या होत्या, म्हैसूरकडच्या. आमचं कन्नड ऐकून त्यांना हसू यायचं, तरी जीव लावायच्या. त्यांनी सुचवलं, "स्वल्प दहीभात द्या, पोट गार पडलं की झोप येते." दहीभात दिला. पोट गार पडलं. झोप नाही.

मग मी वठाराकडे मोर्चा वळवला. पोरांना अंगणात खेळू देईना, नळावर कुणी जोरात बोललं की दारात जाऊन उभी राहायचे. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. चार दिवसांत निम्मं वठार माझ्याशी बोलेनासं झालं आणि हे आतून म्हणाले, "तुझाच आवाज सगळ्यात मोठा आहे."

ही अशी गत असताना एका दुपारी आभाळ भरून आलं. बंगळूरचं आभाळ लहरी, भर दुपारीसुद्धा घरात दिवा लावावासा वाटेल असं काळवंडतं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. उजेड गेला म्हणजे तिन्हीसांजा झाल्या, इतका सरळ त्यांचा हिशेब. त्या उठल्या, हातपाय धुतले आणि देवापुढे दिवा लावून मोकळ्या झाल्या. उदबत्तीचा वास सुटला. दिवा दिसल्यावर मुलगी सवयीने मांडी घालून बसली आणि तिने पाढे म्हणायला सुरुवात केली. बे एके बे, तोच तो लांबलेला सूर.

मी सासूबाईंना सांगायला जाणार होते की अहो, अजून चार वाजायचेत. तेवढ्यात आतून आवाज आला. हे घोरत होते.

मी जागच्या जागी थबकले. सकाळपासून कूस बदलणारा माणूस उदबत्तीच्या एका वासाने आणि बेच्या पाढ्याने आडवा झाला होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. जायफळ, खसखस, पडदा, सगळं ठीक होतं. पण आम्ही रोज त्या माणसाची सकाळ करत होतो आणि मग त्याला झोप म्हणत होतो. आंघोळ सकाळची, कॉफी सकाळची, गप्पा सकाळच्या. अंगाला बिचाऱ्याला कळणार कसं की दिवस संपला? लहानपणापासून त्यांचा दिवस संपायचा तो आईने लावलेल्या दिव्याने, परवच्याने आणि मऊ भाताने. तेवढंच त्यांच्या अंगाला ठाऊक होतं.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, पुढच्या रात्रपाळीला दिवेलागण सकाळी करायची."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "खूळ लागलंय काय तुला? आज डोळ्यांनी फसवलं म्हणून झालं. जाणूनबुजून दिवसाढवळ्या सांजवात लावू? घरातली लक्ष्मी उलट्या पावली जाईल."

"लक्ष्मी नोकरीबरोबर जाणारच आहे."

"तोंड आवर."

मी तोंड आवरलं, पण सोडलं नाही. दोन दिवस त्यांच्या पुढेपुढे करत राहिले. शेवटी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "आत्याबाई, देवळात शेजारती करतात ती कशाला?"

"देवाला निजवायला."

"देवाला झोप आलेली असते म्हणून शेजारती करतात, की शेजारती झाली म्हणून देव निजतो?"

त्या सुपातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई शहाणी हाईस. पण दिवा मी लावीन. तुझ्या हातानं नको. काय पाप लागायचं ते मला लागू दे." त्या क्षणी मला त्या फार आवडल्या. त्याआधी इतक्या आवडल्या नव्हत्या, तेही सांगून टाकते.

पुढची रात्रपाळी आली. पहिल्या सकाळी हे दारात आले तर घरात अंधार. काळा पडदा ओढलेला, देवापुढे समई, उदबत्ती, मुलगी मांडी घालून पाढे म्हणतेय. मी कोमट पाणी हातपाय धुण्यापुरतंच ठेवलं होतं. कॉफीचं नाव काढलं नाही. ताटात मऊ भात, तूप, मेतकूट.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"संध्याकाळ झाली," सासूबाई म्हणाल्या. "जेव आणि पड."

हे हसले, पण आईचा चेहरा पाहून गप्प जेवले. मी पायाला काशाची वाटी घासायला घेतली. तीच वाटी, तेच तूप, जे इतके दिवस फुकट गेलं होतं. मुलगी सातच्या पाढ्यात कुठेतरी अडखळत होती तोवर ह्यांचा श्वास लांब झाला. दुपारभर झोपले. उठले ते चेहऱ्यावर उशीची घडी उमटवून, आणि म्हणाले, "भूक लागली." मी उन्हं कलताना कॉफी आणि उप्पीट पुढे ठेवलं. त्यांची सकाळ झाली होती.

खरी परीक्षा त्याच आठवड्याच्या शेवटी आली. वठाराच्या मालकांच्या मुलीचं लग्न, आणि मांडव आमच्याच अंगणात. मालक स्वतः येऊन सांगून गेले की नादस्वरम् सकाळपासून वाजेल, राग मानू नका. लग्नाला कोण ना म्हणणार? पण मी आदल्या दिवसापासून अस्वस्थ होते. कायम करायचं की नाही याचा निर्णय त्याच आठवड्यात व्हायचा होता, आणि उरलेल्या दोन रात्रींपैकी एकीला जरी मान पडली तरी सगळं संपलं असतं.

लग्नाच्या सकाळी आम्ही आमची संध्याकाळ नेहमीसारखी केली. बाहेर केळीचे खांब, आत समई. हे झोपले आणि थोड्याच वेळात दाराबाहेर नादस्वरम् सुरू झालं. सोबत तविल, म्हणजे तिकडचा ढोल. भिंतीवरची भांडी थरथरली. मी दाराशी श्वास रोखून उभी. खाटेवर काहीच हललं नाही. मुहूर्ताच्या वेळी तर वाजवणारे जिवाच्या आकांताने वाजवत होते आणि आमचे हे दुसऱ्या कुशीवर वळून अधिक जोरात घोरायला लागले.

अक्कांनी हे ऐकलं. त्यांनी आणखी दोघींना खूण केली. पाहता पाहता लग्नाला आलेल्या बायका रेशमी साड्या सावरत, चवड्यांवर चालत एकेक करून आमच्या दारात डोकावून गेल्या. मला इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. माझ्याशी अबोला धरलेल्या कोपऱ्यावरच्या बाईसुद्धा आल्या आणि जाताना माझा हात दाबून "सरी, सरी", म्हणजे बरोबर केलंत, असं म्हणून गेल्या. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. कुणी आत पाऊल टाकायला गेलं की त्या हात आडवा घालत आणि आपल्या कन्नडमध्ये सांगत, "आमच्याकडे आता रात्र आहे. संध्याकाळी या."

रात्रपाळीच्या शेवटच्या सकाळी हे बसमधून उतरले ते जवळजवळ पळतच आले. हातात म्हैसूरपाकाचा पुडा होता. मी भातावर तूप वाढत होते, सासूबाई समईत तेल घालत होत्या.

"आई," हे दारातूनच म्हणाले, "कायम झालो. फोरमनने स्वतः सांगितलं. म्हणाला, आता तुम्ही इतरांना जागं ठेवता."

मी हातातला चमचा खाली ठेवला आणि उभ्या उभ्या रडले. आनंदाने रडले, दुसरं काही नाही. आम्ही बंगळूरला राहणार होतो. माझी चूल, माझ्या फळ्या, माझं सगळं राहणार होतं. मुलगी म्हैसूरपाकाचा पुडा उघडायला धावली.

"ठेव तो," सासूबाई म्हणाल्या. "गोड सकाळी खायचं असतं. आता दिवेलागण झाली." त्यांनी समई पेटवली, हात जोडले आणि नातीला पाढे म्हणायला बसवलं. हे मुकाट्याने जेवले आणि खाटेवर पडले. मी डोळे पुसत काशाची वाटी उचलली, तर सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांनी मुलाच्या तळपायाला तूप लावलं.

हे दचकले आणि पाय आखडून घ्यायला लागले. "आई, तू नको. पाय आहेत ते."

सासूबाईंनी पाय घट्ट धरला आणि वाटी घासायला सुरुवात केली.

"झोपलेल्या माणसानं बोलायचं नसतं," त्या म्हणाल्या.