रविवारची पुसलेली नावं

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली यंत्रमाग चालतात, वर माझी खोली. मागाच्या आवाजात वाढल्यामुळं असेल, गडबड-गोंधळात काम करायची मला सवय आहे. बेळगावातल्या एका लहान कंपनीत मी सॉफ्टवेअरचं काम करते. ज्या गोष्टीबद्दल लिहितेय ती मात्र नोकरीतली नव्हे. ती मी हौसेनं अंगावर घेतली होती.

निपाणीत माझ्या मावशीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते, मीही म्हणते. रक्तदात्यांची यादी ते कित्येक वर्षं वहीत ठेवत आलेत. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, तिकडं कागलपर्यंतची माणसं त्या वहीत होती. कुणाला रक्त लागलं की सरांना फोन यायचा आणि सर वही उलटीपालटी करत बसायचे. त्यात एकच माणूस एका पानावर मराठीत, दुसऱ्यावर कन्नडमध्ये. एकदा त्यांनी मला विचारलं, "पोरी, हे फोनवर दिसंल असं काही करता येईल काय?" मी लगेच हो म्हटलं.

अ‍ॅप लिहायला पंधरा दिवस पुरले. ते लोकांच्या फोनवर उघडायचं तर इंटरनेटवरच्या कुठल्या तरी कंपनीच्या मशीनवर चढवावं लागतं, आणि त्यासाठी सेवा ढीगभर आहेत. मी दोन निवडल्या आणि तक्ता करून तुलना केली. पहिलीत कोड पाठवला की दोन मिनिटांत अ‍ॅप चालू. नावं अ‍ॅपच्याच आत एका फाईलमध्ये ठेवायची, त्या फाईलचाच डेटाबेस. दुसरीत अ‍ॅप एकीकडं आणि डेटाबेस स्वतंत्र, वेगळ्या मशीनवर. त्याची जोडणी, त्याचा पासवर्ड, त्याची रोजची प्रत काढायची व्यवस्था, सगळं आपणच करायचं. तक्त्यात मी रकाने पाडले: चढवायला किती वेळ, शिकायला किती सोपं, फोनवर किती पटकन उघडतं, कन्नड आणि मराठी नावं नीट शोधता येतात का. सगळीकडं पहिलीच पुढं होती.

ऑफिसातल्या मैत्रिणीला मी तक्ता दाखवला. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षं जास्त काम केलेली. तिनं वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "अ‍ॅप नव्यानं चढवलं की त्या फाईलचं काय होतं?"

"फाईल अ‍ॅपमध्येच आहे की. राहते तिथंच."

"बघितलंस करून?"

"अगं, एका वहीभर नावांसाठी वेगळा डेटाबेस कुठं उभा करत बसू?"

ती आपल्या कामाला लागली. मला मात्र तिचा राग आला होता.

वहीतली नावं मी स्वतः टाइप करून त्या फाईलमध्ये घातली आणि कोडबरोबर फाईलही वर पाठवली. अ‍ॅप सुरू झालं. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मधल्या काळात नवं नाव एकही आलं नाही, म्हणजे वर भरलेलं नाव टिकतं का याची परीक्षाच झाली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग सरांनी निपाणीच्या एका शाळेत नोंदणीचं शिबिर ठेवलं. मी शनिवारीच मावशीकडं मुक्कामाला गेले. रविवारी दिवसभर माणसं येत होती. आम्ही तिघं-चौघं आपापल्या फोनवर त्यांची नावं, नंबर, रक्तगट थेट अ‍ॅपमध्ये भरत होतो. कागद एकही वापरला नाही. त्याचा मला अभिमानच वाटत होता. चाळीसेक नवी माणसं मिळाली. संध्याकाळी सर म्हणाले, "सगळं झ्याक हाय. फक्त ते नाव नोंदवायचं लाल बटण बघून म्हातारी माणसं दाबायला बिचकत्यात. हिरवं कर."

सोमवारी मी रजा टाकली होती. सकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता मी बटण हिरवं केलं आणि अ‍ॅप पुन्हा चढवलं. दोन मिनिटं लागली. हिरवं बटण बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

अकराच्या सुमारास सर दारात आले. चप्पल न काढताच आत शिरले, तेव्हाच काहीतरी झालंय हे कळलं. निपाणीतल्याच एका दवाखान्यात पहाटे एक बाई बाळंत झाली होती. बाळ ठीक होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा नवरा सरांना फोन करत होता. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. कोल्हापूरहून मागवली होती, पण यायला वेळ लागणार होता.

"यादीत दोघंच दिसाय लागल्यात," सर म्हणाले. "एकाचा फोन बंद. दुसऱ्यानं गेल्या म्हैन्यातच रक्त दिलंय. पण काल एक आलता की गं ओ निगेटिव्हवाला. त्यो कुठं हाय?"

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. गटाचं नाव टाकून शोधलं, मग सगळी यादी खाली ओढत गेले. रविवारचं एकही नाव नव्हतं. मी लॅपटॉप उघडून सेवेचं मदतीचं पान काढलं. तिथं साध्या इंग्रजीत एक ओळ होती: अ‍ॅप दर वेळी नव्या मशीनवर उभं राहतं, जुन्या मशीनवर लिहिलेलं काहीही टिकत नाही. मी कोडबरोबर पाठवलेली फाईल तेवढी पुन्हा आली होती, वहीतल्या नावांसकट. रविवारी लोकांनी सांगितलेलं सगळं मी त्या दोन मिनिटांत पुसलं होतं.

क्षणभर मनात आलं, सर्व्हर बिघडला म्हणून सांगावं. सरांना त्यातलं काहीच कळलं नसतं.

"सर, माझ्या हातनं गेली. कालची सगळी नावं. सकाळी बटण बदललं, त्यात पुसली."

"परत येत्याल?"

"न्हाई."

सरांनी माझ्याकडं बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मग ऊठ," ते म्हणाले. "चप्पल घाल. त्यो गडी कोगनोळीचा हाय, येवढं आठवतंय मला. हातावर ग्रीस होतं त्याच्या."

सरांच्या स्कूटरवरून आम्ही हायवेला लागलो. वाटेत त्यांच्या खिशातला फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बाईच्या नवऱ्याला एकच सांगितलं, "आनतोय, आनतोय." तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ते थांबले नाहीत. तो वाजत राहिला आणि मी त्यांच्या मागं बसून ऐकत राहिले.

कोगनोळीच्या चेकपोस्टजवळ ट्रकची रांग लागलेली होती. तिच्या कडेनं गॅरेज आणि पंक्चरची दुकानं. पहिल्या गॅरेजवाल्यानं नाही म्हणून मान हलवली. दुसरा कन्नडमध्ये म्हणाला, इथं नाही, पुढं बघा. तिसरं दुकान उघडं होतं, पण आत कुणी नव्हतं. शेजारच्या चहावाल्या आक्कांना सरांनी विचारलं, "हितला मालक काल निपाणीला आलता काय?"

"व्हय की, शिबिराला गेलतो म्हणून सांगत हुता. आत्ता कागलला गेलाय, टायर आणाय."

"नंबर हाय?"

आक्कांनी नंबर दिला. मी लावला. रिंग झाली नाही. पुन्हा लावला. लागेना. आम्ही त्या दुकानापुढं उभे राहिलो. कागलकडून येणारी प्रत्येक मोटारसायकल मी बघत होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी घड्याळाकडं बघितलंच नाही, बघायची भीती वाटत होती.

तो आला तेव्हा गाडीच्या मागं टायर बांधलेला होता. पस्तीस-छत्तीसचा, धिप्पाड माणूस. सरांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो टायर सोडता सोडता थांबला.

"पण सर, काल नंबर दिलता की मी. सकाळधरनं फोन चालूच हुता, आत्ता वाटंत रेंज गेली तेवढीच. कुणी फोन का केला न्हाई?"

ते उत्तर मीच द्यायचं होतं.

"अण्णा, तुमचं नाव माझ्या चुकीनं पुसलं गेलं. म्हणून शोधत आलो."

त्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं. मग दुकानात जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, आक्कांना दुकानावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मोटारसायकल सुरू केली. परतीच्या वाटेवर तो आमच्या कितीतरी पुढं होता.

रक्तपेढीत त्याची तपासणी झाली आणि रक्त घेतलं गेलं. ते तपासून बाईपर्यंत पोचायला आणखी वेळ लागला. तोवर बाईचा नवरा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. त्याला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यानं येऊन माझे आभार मानले, "तुमच्या अ‍ॅपमुळं." मी तोंड उघडलं, पण सरांनी हळूच नको अशी मान हलवली. त्या घडीला ते त्याच्या कानावर घालायची गरज नव्हती. चार दिवसांनी मी त्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बाई वाचली माझी." कोल्हापूरची पिशवी त्याच सोमवारी दुपारनंतर आली, तीही लागली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या पिशवीनं मधला वेळ निभावला.

बेळगावला आल्यावर मी तो तक्ता पुसला आणि मैत्रिणीला शेजारी बसवून तुलना नव्यानं केली. या वेळी रकाने भरले नाहीत, करून बघितलं. प्रत्येक सेवेवर तेच छोटं अ‍ॅप ठेवायचं, एक खोटं नाव भरायचं, अ‍ॅप पुन्हा चढवायचं आणि नाव आहे का बघायचं. मग डेटाबेस मुद्दाम उडवायचा आणि आदल्या दिवशीच्या प्रतीवरून परत आणता येतो का बघायचं. एकीकडं प्रत निघत होती, पण उघडत नव्हती. तसलं कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. शेवटी स्वतंत्र डेटाबेसच घेतला. मैत्रिणीनं मला एकदाही ऐकवलं नाही.

रविवारची नावं गोळा करायला सर आणि मी पुढचे कितीतरी रविवार फिरलो. चेहरे आठवून, गावं आठवून, एकाला दुसऱ्याचं विचारून. बरीच सापडली. डझनभर माणसं मात्र कोण होती, कुठली होती, हे आजही आम्हाला माहीत नाही. कुठल्या तरी गावात ती निर्धास्त आहेत, की आपला नंबर दिलेला आहे आणि गरज पडली तर फोन येईल.