अळणी नवस

त्या शनवारी खुलताबादला निजलेल्या मारुतीच्या दारी आम्ही कोण कोण होतो, ते आधी सांगते. म्या होते, आमचे मालक होते, मही लेक शोभा होती. आन् एक फुलवाली होती, रुईच्या पानाचे हार ईकणारी, मुसलमानाची. तिला समदे आपा म्हणत. मालकाचं नाव म्या कधी घेतलं नाय, आता या वयात काय घेऊ. म्या बोलते तसं शोभा लिहून घेतीया.

मालक शेंद्र्याला कंपनीत वॉचमन होते. ड्युटी करून येताना मोटरसायकल घसरली आन् डोक्याची उजवी बाजू दगडावर आपटली. ऑपरेशन झालं, जीव राहिला. पण घरी आलं ते माणूस येगळंच. मार उजवीकडं आन् गेलं डावं अंग. पाय लाकडावाणी ताठ, टाच भुईला टेकायची नाय. चालताना पाय भाईरून गोल फिरवून टाकायचे. हात कोपरात दुमडून छातीशी आलेला, मूठ बंद. कंबर एकीकडं कललेली. उभे राहिले की मला वाटायचं, कोणीतरी माणसाला पिळून ठेवलंय धुण्यावाणी.

व्यायाम करून घेणारा एक पोरगेला डॉक्टर यायचा, त्यानं काठीवर चालवलं. पण सरळ काय झाले नाय. मग एका शनवारी आंघोळ करून मालक बसले आन् मारुतीला बोलले, सरळ उभा राहून तुझ्या दारात येईन, तव्हाच जिभेला मीठ लावीन. मला इचारलं बी नाय. आमच्याकडं अळणी नवस म्हणजे गंमत नाय. त्याचं भगुणं येगळं, चमचा येगळा. आन् घरच्या हातानं तो सुटत नाय. देवाच्या दारचं माणूस मीठ देईल तव्हाच सुटतो. म्हणून रोज बिनमिठाची डाळ त्यांच्यापुढं ठेवली आन् माझ्या ताटातलं बी मला गोड लागंना.

त्यात माणूस आणखी खचत गेलं. भर उन्हाळ्यात गोधडी घेऊन निजायचे. उभं केलं की डोळ्यापुढं अंधारी. खाल्लेलं उलटून पडायचं. दाढी सुद्धा वाढंना, न्हावी म्हणला, काकू, काकाचं तर काम उरलं नाय मला. लोक भेटायला यायचे आन् म्हणायचे, मनानं हाय खाल्ली यांनी. म्या बी एकदा चिडून म्हणले, "पाय वाकडा हाय, माणूस तर सरळ हाय ना? उठा की!" ते म्हणले, "उठायचं हाय गं. पण आतून कोणी उठ म्हणतच नाय." चुलीपुढं बसून म्या देवाला म्हणले, तुला न्यायचा असल तर ने, पण असा वाळवून नको नेऊ. तव्हा मह्या मनात देवाबद्दल लई शंका होती. हाय का नाय इतकी.

शोभा सासरहून आली, बापाला बघून रडली. "आई, मीठ दे त्यांला." म्या म्हणले, नवस हाय. "मग चला, देवाच्या दारीच सोडवू." मालक ऐकंनात. "सरळ झालो नाय, कोणत्या तोंडानं सोडवू?" शेवटी नुसत्या दर्शनाला येतो म्हणले.

जीपनं आम्हाला दौलताबादच्या घाटातून वर नेलं आन् मंदिराच्या अलीकडं उतरवलं. मालकाला तेवढं तरी पायानं जायचं होतं. फुलवाल्यांच्या रांगेपर्यंत आले आन् काठी हातातून गेली. खाली बसले ते कललेच. अंग गार, घाम सुटलेला, ओठ पांढरे. डोळे उघडे होते, बोलत होते, पण आवाज इहिरीतून आल्यावाणी.

समोर ती आपा होती. हार तसाच टाकून उठली. "अम्मा, सुबह से कुछ खाया क्या इन्होंने?"

शोभा म्हणली, "मीठ सोडलंय त्यांनी. नवस हाय."

"या अल्ला, इत्ती गर्मी में!" तिनं आपला डबा उघडला. भाकर होती आन् लिंबाचं लोणचं. लोणच्याचा खार पाण्यात कालवला आन् गिलास मालकाच्या तोंडाशी धरला. मालकानं तोंड फिरवलं. "नवस हाय माझा. देवाच्या दारचं माणूस..."

"तो मैं कौन?" आपा म्हणली. "सुबह उठके उसके हार मैंच गुंफती, चाचा. तुमसे जादा मेरे कू पहचानता वो. कुछ बोला तो मेरा नाम बोल देना."

मालकानं उजव्या हातानं गिलास धरला. मग घोट घोट करून पेले. त्यांच्या डोळ्यातनं पाणी आलं, खारानं का कशानं ते देव जाणे. म्या हात जोडले, पण कोणाकडं तोंड करून जोडावे ते कळंना.

आपा तेवढ्यावर थांबली नाय. दर्शन करून एक कुटुंब गाडीत बसत होतं, त्यांच्या गाडीपुढं जाऊन उभी राहिली. "घर नको, सीधा दवाखाना," म्हणली. त्या लोकांनी आपली लेकरं मांडीवर घेतली आन् आम्हाला शहरातल्या दवाखान्यात पोचवलं. देवाचं दर्शन राहूनच गेलं.

दवाखान्यात रक्त काढलं. डॉक्टरीण बाई म्हणल्या, रक्तातलं मीठ लईच उतरलं होतं, घरी नेलं असतं तर हाती लागले नसते. पण नुसत्या अळणी खाण्यानं झालं नव्हतं. बाईंनी मला समजंल असं सांगितलं. मेंदूचे निरोप दोन वाटांनी जातात. एक वाट नसांची. ती उजवीकडून डावीकडं जाते, म्हणून मार उजवीकडं आन् पाय डावा. वरून सैल हो असा निरोप येत नाय म्हणून पाय ताठ राहतो. दुसरी वाट रक्ताची. मेंदूखाली हरभऱ्याएवढी गाठ असते, ती रक्तात रस सोडते. त्या रसानं अंगात बळ राहतं, ऊब राहते, उभं राहावं वाटतं, मीठ सुद्धा जागेवर राहतं. मार लागला तव्हा ती गाठ बी दुखावली होती. ते कोणाला दिसलं नाय, कारण समद्यांची नजर पायावर.

त्या रसाची सुई दिली आन् दुसऱ्या दिवशी मालक उशीला टेकून बसले. म्हणले, "डाळीला फोडणी कामून नाय?" शोभा हसता हसता रडली.

आता गोळ्या जलमभर हायेत. ऊब आली, दाढी बी आली. पाय मात्र ताठच हाय, मूठ उघडत नाय. बाई म्हणल्या, तेवढं राहणार. रात्री पायात गोळा येतो तव्हा वरडतात, म्या चोळत बसते. गोड शेवट झाला असं म्या म्हणणार नाय.

काही महिन्यांनी आम्ही परत गेलो. आपा तिथंच होती. तिनं आम्हाला वळखलं नाय. शोभानं सांगितलं, तर म्हणली, "इधर रोज कोई ना कोई गिरता, बेटी. कित्तों को याद रखूं?" पैसे घेतले ते हाराचेच. मालक आत गेले, वाकडे, काठीवर. देवापुढं म्हणले, "सरळ होऊन येईन म्हणलो होतो. नाय जमलं. वाकडाच आलोय, घे." आन् हार पुजाऱ्याच्या हाती दिला. त्यांच्या तोंडावर अपघातापासून पहिल्यांदा म्या निवांतपणा पाहिला. देवाला अट घालून काय मिळत नाय, आपण जसे हाव तसं त्याच्या पुढं ठेवावं, एवढं मला कळलं. ज्यानं त्या बाईच्या डब्यात त्या दिवशी खार ठेवला, त्याचे उपकार म्या मरेस्तोवर मानीन.

वाचणाऱ्याला एकच इनंती हाय. तुमच्या घरी डोक्याला मार लागलेलं माणूस असल, आन् ते गार पडत असल, निजूनच राहत असल, तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरला सांगा, रक्त बी तपासा. आन् अळणी नवस बोलायच्या आधी डॉक्टरला इचारा.