वज्रभानूचे सुतक

हास्याचे भेद सांगताना आपल्या आलंकारिकांनी स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या लावून दिल्या. ओठ किती विलगावेत, दात केव्हा दिसावेत, डोळ्यांत पाणी कोणत्या पायरीवर यावे, हे सारे त्यांनी सांगितले. हसवणाऱ्याच्या अंतःकरणाची प्रतवारी मात्र त्यांनी बहुधा पुढच्यांवर सोपवली. ती लावण्याची पाळी माझ्यावर आली, तर सर्वांत वरचे आसन मी निर्वैर खोडीला देईन. ज्याची खोडी काढली तो आधी संतापतो, मग घरी जाऊन एकटाच हसतो आणि पुढे आयुष्यभर तोच प्रसंग आपण होऊन चारचौघांत सांगत राहतो. अशी खोडी काढणारा पुरुष विरळा. पूर्णेचे अप्पाराव हे त्या विरळांपैकी होते.

अप्पाराव मालगाडीचे गार्ड. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात माणूस एकटा असतो; पुढे मैलभर लोखंड आणि बोलायला कोणी नाही. अशाच एका फेरीपूर्वी त्यांनी फलाटावरच्या विक्रेत्याकडून वीतभर उंचीचा एक प्लास्टिकचा महावीर विकत घेतला आणि सोबतीला म्हणून डब्याच्या खिडकीत उभा केला. ज्याला आजची तरुण मंडळी ॲक्शन फिगर म्हणतात, त्याला अप्पाराव 'वीर' म्हणत. निवृत्तीपर्यंत वीरांची एक पलटण झाली. पत्नी आधीच गेलेली, कन्या राजेश्री परभणीस सासरी. घरात माणूस एक आणि वीर भिंतभर.

या नादातूनच त्यांना तीन स्नेही लाभले. पिंगळीचा परमेश्वर मोबाइल दुरुस्त करी. वीरांच्या चित्रकथांचा प्रत्येक अंक त्याला मुखोद्गत. परभणीच्या शाळेत चित्रकला शिकवणारी अर्पिता वीराच्या कथेपेक्षा त्याचे घोटे, मनगटे आणि रंगकाम पाही. पूर्णेच्याच रेल्वे कारखान्यातला सिद्धोधन वीराची पेटी कधीच उघडत नसे. पारदर्शक झाकणातून घडणारे दर्शन त्याला पुरेसे वाटे. दर रविवारी सकाळी हे तिघे अप्पारावांच्या ओसरीवर जमत. चहा होई, चिवडा होई, भांडणेही होत. सोमवारपासून अप्पाराव पुढच्या रविवारची वाट पाहू लागत.

अशातच 'नवावतार' नावाची नवी वीरमालिका बाजारात आली. चौघांनी मिळून मागवलेला संच ओसरीवर उघडला, तेव्हा पहिल्याच पेटीत वज्रभानू निघाला. या वज्रभानूची ख्याती त्याच्या वज्रापेक्षा मिशीमुळे अधिक. दोन्ही टोकांना पीळ दिलेली ती मिशी पाहूनच असुर पळत, अशी त्याची कथा. नव्या अवतारात ती मिशी समूळ नाहीशी झाली होती.

"मिशी कुठाय?" परमेश्वराने पेटी उलटी केली, जणू मिशी तळाशी पडली असावी. "अप्पा, ह्यो कोण हाय? ह्यो तर बँकेतला कॅशिअर दिसायलाय!"

"दाखव इकडं," अर्पिता म्हणाली. तिने वीराचा गुडघा वाकवला, मान वळवली, आणि तिचा चेहरा उजळला. "काय सुरेख काम केलंय! जुन्याचा हात पण वर होत नव्हता. आणि मिशीखाली ओठच नव्हते रे त्याला. आता कुठं चेहरा दिसायलाय."

"चेहरा काय चाटायचाय? उद्या पोखर्णीच्या नरसिंहाची आयाळ काढताल अन् म्हणताल, आता कान छान दिसायलेत!"

"तुला शिल्पातलं काय कळतं?"

"अन् तुमाला कथेतलं काय कळतं, मॅडम? तुमाला नुस्ते गुडघे पायजेत."

सिद्धोधन आपली पेटी उन्हाकडे धरून शांतपणे म्हणाला, "म्हणून म्हणतो, पेटी उघडू नये. उघडली की भांडणं निघतात."

परमेश्वराचा आग्रह असा, की संपूर्ण संच परत धाडावा आणि कंपनीस निषेध कळवावा. अर्पिता म्हणाली, तसे झाले तर मी पुन्हा येणार नाही. न धाडला तर मी येणार नाही, असे परमेश्वर म्हणाला. संध्याकाळी त्याने व्हॉट्सॲपवरचा गट सोडला. पाठोपाठ तिनेही सोडला. पुढल्या रविवारी ओसरीवर एकटा सिद्धोधन आला. त्याच्या पुढल्या रविवारी त्याची कारखान्यात पाळी होती. अप्पारावांनी सवयीने चौघांचा चहा टाकला आणि एकट्याने प्याला. बैठक मोडली तर आपल्या आठवड्याला काही अर्थ उरणार नाही, हे त्या वृद्धाला पुरते कळून चुकले होते. परंतु विनवणी करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी आपल्या स्वभावात होते तेच केले.

तिघांना वेगवेगळा निरोप गेला : 'आपल्यात दुःखद घटना घडली. वडिलांचे छत्र हरपले. रविवारी सकाळी भेटीस यावे.'

अप्पारावांचे चुलते दिनकरराव सेलूस अंथरुणाला खिळले होते आणि अप्पाराव त्यांना वडिलांच्या जागी मानत, हे तिघांनाही ठाऊक होते. शिवाय आपल्याकडे अशा निरोपावर उलट प्रश्न कोणी करत नाही. माणूस उठतो आणि भेटायला जातो. वैर असले तरी जातो. लग्नाचे आमंत्रण टाळता येते, हे टाळता येत नाही.

रविवारी दारातच परमेश्वर आणि अर्पिता यांची गाठ पडली. त्याच्या हाती आईने बांधून दिलेला पिठलं-भाकरीचा डबा होता. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेला. तिच्याही हाती तसाच डबा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मान खाली घातली आणि पादत्राणे काढली. सिद्धोधन आधीच येऊन भिंतीला टेकून बसला होता. "आमच्यात सुतक पाळत न्हाईत," तो हळूच म्हणाला, "पण भेटायला तर यावंच लागतं."

सतरंजीवर अप्पाराव डोक्यावरून उपरणे घेऊन बसले होते. शेजारी पाट आणि त्यावर पांढऱ्या रुमालाखाली झाकलेले काहीतरी. गेलेल्या माणसाची तसबीर असावी, असे सर्वांनी मानले. मग परमेश्वराला राहवेना.

"लय चांगला माणूस होता, अप्पा."

"होता," अप्पाराव म्हणाले.

"आयुष्यभर दुसऱ्यासाठी झिजला. कधी कुणाला उणा शब्द बोलला न्हाई."

"तू भेटला होतास त्यांना?"

परमेश्वर चपापला. "न्हाई, म्हंजी... तुमच्याच तोंडून ऐकलं."

"मी तर कधी काही बोललो न्हाई."

अर्पिताने डोळे पुसत विचारले, "अप्पाकाका, शेवटी त्रास झाला का हो त्यांना?"

"ते यालाच विचार," असे म्हणून अप्पारावांनी रुमाल उचलला. पाटावर मिशीविना वज्रभानू उभा होता. कपाळ कोरे ठेवलेले, खांद्यावर चिंधीचे इवले उपरणे. "याचे वडील गेले. मिशी उगाच उतरवत असतो का कोणी? तुमी दोघं एवढे शिकलेले, पण लेकराला कुणी विचारलं न्हाई, बाबा, काय झालं म्हणून. आल्या आल्या भांडत बसलात."

त्याच घटकेला दिनकरराव सेलूस उशीला टेकून दह्याशी धपाटे खात होते, हे पुढे यथावकाश कळले. सिद्धोधनाने तोंडावर हात धरला, परंतु हसू त्याच्या खांद्यांतून बाहेर पडू लागले. परमेश्वर ताडकन उठला.

"अप्पा, ही काय चेष्टा झाली? माझ्या आईनं पहाटे उठून भाकरी थापली अन् तुमी! आन् ह्याचे वडील जित्ते हायत. बाराव्या अंकात सोता वाचलंय मी!"

"बाराव्यात असतील. माणूस काय तुझ्या अंकाला विचारून मरतो?"

"मग सासरे गेले असतील," अर्पिता म्हणाली. इतका वेळ दाबून धरलेले तिचेही हसू फुटले.

"सासऱ्यासाठी कुणी मिशी काढतं का, ताई!" परमेश्वर ओरडला. भांडणाच्या दिवसापासून मागे पडलेले 'ताई' हे नेहमीचे संबोधन त्याच्या तोंडून केव्हा निसटले, हे त्यालाही कळले नाही. तो चप्पल शोधू लागला.

तेव्हा अप्पारावांनी डोक्यावरचे उपरणे खाली घेतले. आवाजातला खट्याळपणा तसाच होता. फक्त तो थोडा खाली आला होता.

"परमेश्वरा, गेल्या साली तुझे वडील गेले. तू बिनमिशीचा माझ्या दारात आलास. मी सुद्धा आधी वळखलं न्हाई तुला. तवा आमी तुला पेटीत घालून परत धाडलं का रे?"

चप्पल परमेश्वराच्या हातातच राहिली. आपल्या दाट मिशीवरून त्याने एकदा बोटे फिरवली. मग तो येऊन सतरंजीवर बसला. पाटावरचा वीर उचलून तो बराच वेळ पाहत राहिला, आणि अर्पिताकडे न बघता म्हणाला, "हात खरंच वर होतो का ह्याचा?"

"दे, दाखवते."

तिने वज्रभानूचा हात वर केला. परमेश्वराने तो खाली केला, पुन्हा वर केला. "गुडघे बरे हायत," तो म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठी शरणागती कोणी मागितली नाही.

"आता दुःखातल्या माणसाला दोन घास खायचा आग्रह करताल का न्हाई?" अप्पारावांनी विचारले. "सकाळपासून उपाशी हाय मी. चूल पेटवली असती तर तुमी विश्वास ठेवला नसता." दोन्ही डबे उघडले. परमेश्वराच्या आईचे पिठले अधिक झणझणीत होते, हे अर्पिताने मान्य केले. सिद्धोधनाने आपली पेटी त्याही दिवशी उघडली नाही. 'नवावतार'चा संच परत गेला नाही. निषेधाचे पत्र मात्र परमेश्वराने लिहिले आणि त्यावर चौघांनी सह्या केल्या. अर्पिताने सही करताना गुडघ्यांची स्तुती एका ओळीत घालून घेतली.

त्यानंतर दोन वर्षे एकही रविवार चुकला नाही. दिनकरराव त्यानंतरही बरेच दिवस अंथरुणातूनच तग धरून राहिले. आपल्या मरणाची वार्ता पूर्णेपर्यंत गेल्याचे कळल्यावर त्यांनी त्या पिठल्यात आपलाही वाटा होता, असा निरोप धाडला.

गेल्या मार्गशीर्षात अप्पाराव झोपेतच गेले. तो निरोप राजेश्रीने कळवला, तेव्हा तिघांनीही उलट फोन करून दोनदा खात्री करून घेतली.

अप्पारावांचे घर आता दुसऱ्याने घेतले आहे. वीर तिघांत वाटले गेले. रविवारची बैठक उरली आहे. ती परमेश्वराच्या घरी पिंगळीस भरते.