मेणातली गाठ

आमच्या वरंध गावात रंगूवहिनींशी वाद घालून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचाय. मी शेजारीच राहतो, म्हणजे रोज हरतो. कुंपणावरच्या दोडक्याच्या वेलापासून चहात आलं किती घालायचं इथपर्यंत शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांचे यजमान भागोजीदादा आवाजाचे दांडगे. खालच्या शेतातून हाक मारली तर वरच्या वाडीतली कुत्री उठतात. पण घराचा उंबरा ओलांडला की तेही हळू बोलतात.

या दादांच्या मानेला गेल्या हिवाळ्यात गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून नवराबायकोने तिच्याकडे काणाडोळा केला. बघता बघता ती पेरूएवढी झाली, तेव्हा मी दादांना गाडीत कोंबून महाडला नेलं. तिथे गाठीचा तुकडा काढून तपासला आणि आम्हाला मुंबईला कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. निदान होतं लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका जातीचा कॅन्सर, आणि तोही झपाट्याने वाढणारा.

बाई समजावून सांगणाऱ्या निघाल्या. "पेशींवरच्या प्रथिनांवरून आम्ही हा आजार ओळखतो. सीडी-ट्वेंटी नावाचं प्रथिन सापडलंय, हे चांगलं आहे. आमचं एक औषध नेमकं त्यालाच पकडतं. पण आणखी दोन प्रथिनं हवीत त्यापेक्षा जास्त दिसतायत. एक पेशींना सारखं वाढायला लावतं, दुसरं त्यांना मरू देत नाही."

"म्हंजे वाईट हाय का?" दादांनी विचारलं.

"ती का वाढली त्यावर आहे. ज्या जनुकांमुळे ती तयार होतात, ती तुटून भलतीकडे जोडली गेली असतील, तर आजार फार चिवट. मग जबर औषधं द्यावी लागतील, आणि तुमच्या वयाला ती सोसतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही. जनुकं जागच्या जागी असतील, तर नेहमीचे सहा डोस देऊ आणि त्यांच्यावर भरवसा ठेवू."

हे कळायला तोच तुकडा पुन्हा तपासायचा होता. तो महाडच्या लॅबमध्ये मेणाच्या छोट्या वडीत बसवून ठेवलेला. वडी एकच होती, आणि गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली असल्यामुळे पुन्हा चाकू लावायला कुणी राजी नव्हतं.

दादांची लेक अपेक्षा बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात नोकरी करते. तिने ती वडी लॅबमधून आणून आईच्या हातात दिली. "आये, ही बाबांची गाठ हाय गो, मेणात घातलेली. सांभाळून ठेव. उद्या मुंबईला न्यायची हाय." एवढं बोलून पोरगी बिरवाडीला परत गेली.

सकाळी अपेक्षा परत आली, आम्ही निघायला तयार, तर वडी गायब.

"ठेवलीस कुठं, आये?"

"गाठ घरात कशाला ठेवायची?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तिन्हीसांजेला ह्यांच्यावरनं ओवाळली आणि शिवेवर टाकली. नारळ, लिंबू, भात, समदं नीट केलं. आता जाईल बघ आजार."

 मला वहिनींचा असा संताप आला की काय सांगू! पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी चुकीचं तरी काय केलं होतं? आयुष्यभर घरातली पीडा त्यांनी अशीच गावाबाहेर घालवली होती. आणि इथे तर खुद्द आजारच हातात आयता आलेला.

अपेक्षाने रडत रडत त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. हा तुकडा नसेल तर कोणतं औषध द्यायचं हेच कळणार नाही, बाबा अंधारात जातील. वहिनींचा चेहरा उतरला. वाद न घालता त्या चपला घालून निघाल्या.

शिवेवरच्या आंब्याखाली भाताला मुंग्या लागल्या होत्या. वडी मात्र सावलीत जशीच्या तशी. उताऱ्याला कोण हात लावणार? जो उचलेल त्याला ती पीडा लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अपेक्षा वाकली, तशी वहिनींनी तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं. "तू नको." मग स्वतःच वडी उचलली, पुसली आणि माझ्याकडेही न देता थेट मुंबईपर्यंत मुठीत धरून बसल्या.

तपासणी झाली. जनुकं तुटलेली नव्हती! बाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी अंगणात चक्क नाचलो. सहा डोसांत दादांचे केस गेले, तोंडाची चव गेली, पण गाठ विरघळली. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. तो बघून बाई म्हणाल्या, "आजाराचा आता मागमूस नाही. तपासायला मात्र येत राहायचं." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. दादा तर खुर्चीतल्या खुर्चीत हसत सुटले.

तेवढ्यात वहिनी उठल्या आणि पदर बाजूला करून बाईंपुढे मान केली. "आता माजी बघा."

"तुम्हाला काय होतंय, आजी?"

"होत काय नाय. पण म्या उचलली ना ती शिवेवरची. रोज न्हाताना चाचपते. मला काय घावत नाय, पण तुमचा हात जाणता."

 इतके महिने ही बाई पथ्याची पेज करत होती, नवऱ्याला दटावत होती, माझ्याशी चहावरून भांडत होती, आणि रोज आपल्या मानेवर नवऱ्याचा आजार शोधत होती. डॉक्टरीणबाईंनी हे हसण्यावारी नेलं नाही. दोन्ही बाजू, काखा, सगळं नीट तपासलं. "काही नाही. अगदी ठणठणीत आहात."

दादा वहिनींकडे वळले. "मला सांगितलं का नायस?"

"सांगून काय करणार व्हता? तुमी माज्यापायी ती पुन्हा शिवेवर नेऊन ठेवली असती."

दादांनी वहिनींचा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. आमच्याकडे नवराबायको असा चारचौघांत हात धरत नाहीत. वहिनींनीही तो सोडवून घेतला नाही.