कुलसुमचा अर्ज

पनवेलच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कुलसुमने सहा वर्षं रविवार खर्ची घालून अंधांना मराठी मजकूर वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उभं केलं. खारघरचा निनाद पहिल्यापासून तिच्यासोबत होता. अनुदानाचा अर्ज तिने महिनाभर खपून लिहिला आणि विश्वासाने त्याच्याकडे पाठवायला दिला.

अनुदान मंजूर झालं, पण निनादच्या नव्या कंपनीला.

तिने फोन केला.

"अगं, स्वयंसेवकांच्या नावाला रकानाच नव्हता," तो म्हणाला.

"अर्ज मी भरला होता, निनाद. रकाने मला पाठ आहेत."

त्याने फोन ठेवून दिला. कुलसुमने स्वतःचं नाव असलेला मूळ अर्ज अनुदान देणाऱ्यांना पाठवला, तेव्हा ते अनुदानच रद्द झालं. प्रकल्पातून निनादचं नाव काढताना तिला आठवलं, प्रोग्राममधली तिची पहिली चूक त्यानेच न हसता सुधारली होती. नाव काढून ती बराच वेळ रडली.