धायटीची वरची फांदी

स्पिरिटचा वास आला की मला वळ गावामागची टेकडी आठवते. नव्वदच्या दशकात कॉलेजात असताना मी धायटीच्या लाल फुलांतले औषधी गुण तपासत होते. फुलं तोडायला पाड्यावरची एक बाई सोबत यायची. प्रत्येक झुडपाची वरची फांदी ती राखायची, म्हणायची, "ती मधमाश्यांची हाय, तोडायची न्हाय." स्पिरिटमध्ये काढलेला अर्क घालताच परीक्षानळीतल्या रसायनाचा जांभळा रंग उतरला. म्हणजे फुलांत गुण होता. पण सर म्हणाले, ताज्या फुलांवर पुन्हा करून बघ. पुढच्या फाल्गुनात आम्ही दोघी गेलो, तर गोदामांच्या भरावासाठी टेकडीच खणून नेलेली. ती खड्ड्याकडे बघत एवढंच बोलली, "आपण तर वरची फांदी ठेवली व्हती." माझ्या गॅलरीतल्या धायटीची वरची फांदी मी अजूनही छाटत नाही. मधमाशी मात्र येत नाही.